आधी तू बंद कर

आमच्या टेम्पोची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण चिंचणीत ही गोष्ट जशी सांगतात, तिच्यात शेवटी माझी किल्ली जाते आणि मी रडत घरी येते. मी रडले नाही. किल्ली गेली होती हे खरं, पण ती परत कशी आली ते कोणी सांगत नाही.

माझं नाव सुगंधा आणि मी मासळीचा टेम्पो चालवते. (हसून घ्या. झालं? पुढे जाऊ.) नवरा कारखान्यात पाळीवर, आणि त्याला गाडीत नुसतं बसलं तरी मळमळतं. धाकट्या दिराकडे, म्हणजे भावजींकडे लायसन आहे, पण रिव्हर्स आणि पहिला गियर यांतला फरक त्यांना अजून पटलेला नाही. त्यामुळे बाजाराच्या दिवशी सुके बोंबील घेऊन तलासरीला मीच जाते आणि अंधार पडता पडता मीच परत येते. लग्नात अंगावर घातलेलं सोनं कोणी मागितलं तर देईन, किल्ली देणार नाही.

पण तो परतीचा रस्ता! समोरून येणारा प्रत्येक जण डोळ्यांत सूर्य मारतो. मी डिपर देते, म्हणजे लाइट खालीवर करून सांगते की बाबा रे, जरा खाली घे. तो आणखी दोन पेटवतो. एकदा वैतागून मी क्षणभर डोळे मिटून पाहिले, तर काहीच फरक पडला नाही. त्या दिवशी ठरवलं, आता आपणही दाखवायचं.

वापीला जाऊन बंपरवर चार लाइट बसवून घेतले. फिटर म्हणाला, “बेन, आ तो दरियामां पण चालशे.” म्हणजे समुद्रातसुद्धा चालतील, इतके पक्के. शिवाय समोर गाडी आली की हे बंद करायचे, असंही त्याने बजावलं. ते मी ऐकलं. पण ते बाकीच्यांसाठी असावं असं मी धरलं.

आता अडचण होती ती घरात. माझे सासरे, आमचे बाबा, हे गावातल्या एलईडीविरोधी समितीचे पुढारी. आमच्याकडे एलईडी म्हणजे घरातला दिवा नव्हे. मोठ्या बोटी भर समुद्रात हे झगझगीत दिवे लावतात, उजेडाला मासळी गोळा होते, बोटवाले ती पिल्लांसकट उपसून नेतात, आणि बाबांसारखे छोटे होडीवाले रिकामी जाळी घेऊन परततात. त्याला बंदी आहे, तरी चालतं. त्यामुळे आमच्या घरात तो शब्दच काढायचा नाही. बल्ब आणायचा तर दुकानात मी गुपचूप बोट दाखवते.

आणि माझे चारही लाइट एलईडी! बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, धुक्याचे लाइट आहेत. ते लाइटजवळ वाकले आणि म्हणाले, चिंचणीत धुकं कधी पडलं? मी म्हटलं, तलासरीकडे पडतं. खोटं नाही, थंडीत पडतं थोडं.

पुढचे काही आठवडे मी रस्त्याची राणी होते. समोरचा हात बाहेर काढून ओरडायचा, “बंद कर!” मी काच खाली करून सांगायची, “आधी तू बंद कर!” सायवनकडून येणारा एक ट्रकवाला तर थांबून गाडी बाजूला घेऊन बसला. मला वाटलं, मान देतोय. त्याला दिसत नव्हतं.

मग मसोलीचा एक रिक्षावाला थेट बाबांकडे आला. तुमच्या सुनेच्या उजेडाने माझी रिक्षा गटाराच्या काठावर लटकली, म्हणाला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि मला बोलावलं. पुन्हा एक तक्रार आली तर किल्ली भावजींकडे जाणार, एवढंच ते बोलले. भावजी मागे उभे राहून हसत होते.

आठवडाही झाला नसेल. संध्याकाळी आभाळ एकदम भरून आलं, गावातली वीज गेली, आणि किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर आमचे अर्धे सुकलेले बोंबील लटकत होते. भिजले असते तर महिन्याची मेहनत सडली असती. सासूबाई आणि मी धावलो, पण अंधारात हाताला हात दिसेना. मी टेम्पो घट्ट वाळूवर आणला, तोंड समुद्राकडे, आणि चारही लाइट पेटवले. वलांडी उजळली, तिच्यामागचा समुद्रही उजळला. “दिवस उगवला गो बाय!” सासूबाई म्हणाल्या. त्या घरात माझ्या लाइटचं कौतुक पहिल्यांदा झालं होतं.

बोंबील निम्मे उतरले असतील, तेवढ्यात भावजींचा फोन. गावाच्या दुसऱ्या टोकाला समितीची बैठक चालू होती. तिथून त्यांना पाण्यावर उजेड दिसला होता. एलईडीवाल्यांची बोट थेट किनाऱ्याला आलीय, म्हणाले, बाबा माणसं घेऊन होडीतून निघालेत, तुम्ही आईला घेऊन घरी जा.

घरी? मी? आमच्या पोटावर पाय देणारे दारात आलेत आणि मी घरी जाऊ? मी टेम्पोत बसले, टेम्पो जागच्या जागी वळवला आणि ती बोट शोधायला लाइट पाण्यावर फिरवू लागले. (तिकडे होडीत बाबा म्हणत होते, बघा, पळायला बघतोय. हे मला नंतर कळलं.)

थोड्या वेळाने खरंच अंधारातून एक होडी येताना दिसली. पुढे कोणीतरी वल्हं उगारून उभा, हातात बॅटरी. मी चारही लाइट त्याच्या तोंडावर धरले.

“बंद कर!” तो ओरडला.

“आधी तू बंद कर!” मी ओरडले.

सासूबाई हातातले बोंबील सांभाळत शांतपणे म्हणाल्या, “सुगंधा, ते तुझे सासरे आहेत.”

तोपर्यंत उशीर झाला होता. डोळे दिपलेले बाबा आणि त्यांची होडी दोघंही वाळूत घुसले. बाबा उतरले, एक हात डोळ्यांवर ठेवून उजेडाच्या दिशेने तरातरा चालत आले ते सरळ वलांडीवर. ती मोडली. बाबा उठले तेव्हा त्यांच्या खांद्यावर दोन बोंबील होते. मागे होडीतली सगळी समिती, भावजींसकट.

“हे एलईडी आहेत?” त्यांनी विचारलं.

“आहेत,” मी म्हटलं. आता लपवून काय करणार? “रस्त्यावर सगळे माझ्या डोळ्यांत मारतात. ते लावतात म्हणून मी लावले.”

बाबांनी खांद्यावरचे बोंबील काढले. “ते बोटवाले पण हेच सांगतात ग. बाजूचा लावतो म्हणून आम्ही लावतो.”

फार लागलं मला ते. बाबांनी हात पुढे केला, मी किल्ली दिली, त्यांनी ती भावजींना दिली आणि टेम्पो घरी न्यायला सांगितलं.

भावजी ऐटीत बसले. रिव्हर्स म्हणून त्यांनी पहिला टाकला, दणकून क्लच सोडला, आणि आमचा टेम्पो भरतीच्या पाण्यात बंपरपर्यंत गेला. लाइट चालूच होते. वापीच्या फिटरचा शब्द खरा ठरला, पाण्याखालीसुद्धा झकास चालले. आणि मग टेम्पोच्या तोंडापुढे त्या हिरव्या उजेडात बोय मासे जमायला लागले. आधी चारपाच, मग अख्खा थवा, टेम्पोला नमस्कार करायला आल्यासारखे. समितीतल्या एकाचा हात जाळ्याकडे गेला, तो बाबांनी मारला.

मग बाबा माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “तू बस ग बाय. बाहेर काढ. पण आधी ते बंद कर, कोणी फोटो काढायच्या आत.”

मी बंद केले, रिव्हर्स म्हणून रिव्हर्सच टाकला आणि टेम्पो बाहेर काढला. किल्ली तेव्हापासून माझ्याकडे आहे, एका अटीवर. समोर कोणीही येवो, पहिले लाइट मी बंद करायचे. अट मी पाळते. मला भीती कोणाची नाही, फक्त ते बोय आठवतात.

परवा पौर्णिमेला बाबांना घेऊन तलासरीला निघाले होते. अंधारू लागलं होतं. चढावर समोरून झगझगीत उजेड आला. मी निमूट चारही बंद केले, डिपर दिला, वेग कमी केला. समोरचा काही खाली घेईना. मी आणखी एकदा डिपर दिला, मग आणखी एकदा, आणि शेवटी काच खाली करायला हात घातला.

“सुगंधा,” बाबा म्हणाले, “तो नाय बंद करणार. चंद्र आहे तो.”

मी हात मागे घेतला. चंद्र असेल, मान्य. पण सांगून ठेवते, मी माझे आधी बंद केले होते.