खांडीत उतरलेले मेंबर

लग्न होऊन मी राई गावात आले तेव्हा माझी ओळख 'वाचणारी सून' अशी झाली. वडील शाळामास्तर, त्यामुळे मराठी चौथी पास झाले होते. गावातल्या बायकांत अक्षर ओळखणारी मी एकटीच. कोणाचं पत्र आलं की माणूस ते घेऊन आमच्या ओट्यावर येई, आणि मी हातातलं काम टाकून ते वाचून दाखवी. मला त्याचा गर्व होता. आता खोटं कशाला सांगू?

माझ्या सासऱ्यांना घरात आणि गावात सगळे बाबा म्हणत. त्यांच्याकडे बांधाची हाक होती. ही हाक म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. आमची भातशेती खाडीला लागून. खाडी आणि शेत यांच्यामध्ये चिखलाचा लांब बांध, आणि त्या बांधाला एक लाकडी उघाडी. पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. बांध सगळ्या गावाचा, पण प्रत्येक घराचा त्यात आपापला वाटा. होळी झाली की बाबा दारोदार जाऊन हाक घालत, "चला, बांध बोलावतंय." मग घरटी एक माणूस फावडं घेऊन निघे आणि आपल्या वाट्याचा बांध चिखलाने लिंपून घेई. उधाणाला बांध फुटून पडणारं भगदाड म्हणजे खांड. ज्याच्या वाट्यात खांड पडेल त्याने सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरायचं, असा गावाचा रिवाज. त्याला दंड नाही, शिव्या नाहीत. नुसतं पुढे उतरायचं. छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं की माणसाला आपली चूक आपोआप कळते.

सदतीस साली निवडणूक आली. आज ज्याला आमदार म्हणतात त्याला तेव्हा आम्ही मेंबर म्हणत असू. मत सगळ्यांना नव्हतं. ज्याचा शेतसारा ठरावीक आकड्याच्या वर, त्याला होतं. लिहितावाचता येणाऱ्या बाईने अर्ज केला तर तिलाही मिळे, म्हणून मलाही मिळालं. उभे होते ते ठाण्याचे वकील. गोरेपान, बोलायला मऊ. गावदेवीच्या देवळासमोर सभा झाली. ते म्हणाले, "मला निवडून द्या, तुमचा बांध दगडी करून देतो. उघाडीही पक्की. तुमच्या नातवंडांना फावडं धरावं लागणार नाही."

बाबांनी आयुष्यभर फावडं धरलेलं. त्यांचे डोळे पाणावले. सभा संपल्यावर ते दारोदार गेले आणि नेहमीची हाक घालतात त्याच आवाजात सांगू लागले, "मत ह्यांनाच." गावाने त्यांचा शब्द मानला. मीही मानला. माझं पहिलं मत मी असं दिलं.

वकील निवडून आले. वर्ष सरता सरता त्यांच्या कचेरीतून पत्र आलं. ते मीच ओट्यावर उभं राहून, घसा साफ करून वाचलं. दगडी बांधाची मागणी सरकारात गेली आहे, सरकारी मोजणीदार येऊन पाहणी करेल, तोपर्यंत बांधाला हात लावू नये, बांध सुस्थितीत दिसल्यास मागणी नामंजूर होण्याचा संभव आहे. खाली कारकुनाची सही.

सगळ्यांना ते पटलं. सरकारला फुटका बांध दाखवायचा तर तो फुटकाच असायला हवा, इतकं साधं गणित. त्या होळीनंतर बाबा दारोदार गेले ते 'येऊ नका' असं सांगायला. शेजारच्या काकांचं शेत उघाडीच्या अगदी तोंडाशी. ते एकटे अडून बसले. "बांधाला रजा न्हाय देत कोनी," म्हणाले, आणि फावडं घेऊन निघालेच. बाबांनी वाटेत त्यांचा हात धरला. "एका घरान लिंपला तर सगल्यांचा कागद फुकट जाल. एक साल कळ काढ." बाबांनी हात धरल्यावर कोण पुढे जाणार? काका परत फिरले.

मोजणीदार आला नाही. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. श्रावणातल्या उधाणाला उघाडीच्या बाजूचा बांध बसला आणि खांड पडली. लावणी नुकतीच रुजली होती. दुसऱ्या दिवशी ओहोटीला पाणी उतरलं तेव्हा हिरवं रोप तसंच उभं होतं, बघून वाटावं काही झालंच नाही. आठवड्याभरात ते पिवळं पडलं, मग तपकिरी. मी माहेरी मिठागरं लांबून पाहिली होती. खारं पाणी शेताला काय करतं ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढची तीन वर्षं त्या जमिनीत धड गवतसुद्धा उगवलं नाही. काका परक्याच्या मिठागरावर मजुरीला जाऊ लागले. पन्नाशीच्या पुढचा माणूस, पाय मिठाने फाटलेले.

खांड बुजवायला पहिल्यांदा बाबा उतरले. वाटा त्यांचा नव्हता, तरी उतरले. कोणी त्यांना नको म्हटलं नाही.

मी मेंबरना पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी बाबा आणि मी बैलगाडीने घोडबंदरच्या रस्त्याला लागलो, वरसाव्यावरून ठाण्याला. वकिलांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा दिला. "काय करणार," म्हणाले, "मंत्र्यांनी राजीनामे दिले, आता आपलं सरकारच राहिलं नाही. कागद कुठे अडकलाय कोणाला विचारू?" ते खरंही होतं. पण त्याआधी दोन वर्षं सरकार होतंच की! मी तसं म्हणाले. ते माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "आणि आजोबा, बांध तुमचा, माती तुमची. लिंपू नका असं मी कधी म्हटलं?"

मी पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून ते शांतपणे वाचलं. "ही माझी सही नाही. हा कारकून आता माझ्याकडे नाही." असं म्हणून पत्राची नीट घडी घातली आणि मला परत दिलं. मला वाटलं होतं ते फाडतील. फाडलं असतं तर बरं झालं असतं, निदान चोर सापडल्यासारखं वाटलं असतं.

गावाला मेंबर कुठे सापडणार? बाबा सापडले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसंच. खांड पडली त्याच्या पुढच्याच होळीला हाक त्यांच्याकडून काढून घेतली होती. भांडण नाही, बैठक नाही. एका सकाळी दुसऱ्याच माणसाच्या आवाजात हाक आली आणि बाबा ओट्यावर बसून ती ऐकत राहिले. मग लोकांनी आमच्याकडे पाणी पिणं सोडलं. वाळीत टाकलं नव्हतं. समोर आलं की बोलत, पण दारात थांबत नसत. माझ्याकडे पत्र वाचायला कोणी येईना. काकांची बायको विहिरीवर मला पाहून कळशी अर्धी भरूनच निघून जाई. सात वर्षं. लढाई सुरू झाली, रेशन आलं, तांदूळ पिकवणारं आमचं गाव तांदळासाठी रांगेत उभं राहिलं, आणि त्या रांगेतसुद्धा बाबांच्या पुढे-मागे हातभर जागा मोकळी असे. मला गावाचा राग येई. बाबांचाही येई, कारण ते कधी म्हणालेच नाहीत की पत्र मी लिहिलं नव्हतं. आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येई. वाचलं तर मीच होतं.

सेहेचाळीस साली पुन्हा निवडणूक आली, आणि तेच वकील पुन्हा उभे राहिले. सभा पुन्हा देवळासमोर. मी ठरवून गेले होते. कमरेला पदराच्या गाठीत ते पत्र होतं. मनात असं होतं की चारचौघांत वाचायचं, सही कोणाची ते विचारायचं, आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं की सात वर्षं ज्या म्हाताऱ्याला तुम्ही दोष देताय तो त्याचा नाही, माझा आहे. बाबा मागे, कडेला, खांबाला टेकून बसले होते. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

वकिलांचं भाषण संपताना मी उभी राहिले. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. मी म्हणाले, "साहेब, आमच्या गावात एक रिवाज आहे. ज्याच्या वाट्यात खांड पडते तो पहिल्यांदा पाण्यात उतरतो. दगडी बांध हा तुमचा वाटा होता. तुम्ही कधी उतरणार?"

त्यांच्या माणसांपैकी एकजण मला खाली बसवायला उठला. वकिलांनी हाताने त्याला थांबवलं. माझ्याकडे पाहिलं, आणि मग हसले. छान, मोकळं हसले.

"बाई बरोबर बोलतात," ते म्हणाले. "चला. आत्ता उतरतो."

आणि निघालेच. सभा उठून त्यांच्या मागे. मी पुरती चक्रावले, पण काय करू? मीही मागोमाग. खांडीच्या जागी लोक दरवर्षी चिखल भरत, दरवर्षी तिथे पाणी झिरपे. ओहोटीची वेळ होती. वकिलांनी बूट काढले, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि त्या काळ्या चिखलात पाय घातला. पोटऱ्यांपर्यंत गेले. मग मागे वळून म्हणाले, "ते आजोबा कुठे आहेत?" बाबांना पुढे आणलं. वकिलांनी त्यांचा हात धरून शेजारी उभं केलं, एक टोपली चिखल उचलून बांधावर टाकला आणि मोठ्याने म्हणाले, "या माणसाला दोष देऊ नका. चूक माझ्या कचेरीची झाली. मी तुमची माफी मागतो."

लोकांनी जयजयकार केला. त्यांचा. एवढा मोठा वकील चिखलात उतरला, माफी मागितली, आणखी काय पाहिजे? शेजारचे काका गर्दीतून पुढे आले आणि बाबांचे दोन्ही हात धरून ढसाढसा रडले.

माझा हात पदराच्या गाठीवर होता. विचारायचं खूप होतं. कचेरीची चूक म्हणजे कोणाची? तेव्हा ठाण्यात नाकबूल का केलीत? बांध कधी, कोणत्या साली? टोपलीभर चिखलाने काय होणार? मी तोंड उघडलं तर ही सगळी जत्रा मोडेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि मी बाबांकडे पाहिलं. सात वर्षांनी त्यांच्याभोवती माणसं होती. त्यांचा चेहरा बघून माझ्याने पुढे बोलवेना. मी गाठीवरचा हात काढला.

दुपारी आमचा ओटा भरून गेला. मी गुळाचा चहा करून करून दमले. काकांनी पाणी मागितलं, मी तांब्या दिला, त्यांनी तो सगळा रिकामा केला. गावाने त्या वकिलाला एका दुपारीत माफ केलं. बाबांना माफ करायला त्याच गावाला सात वर्षं लागली होती, आणि तेही वकिलाच्या शब्दावर. हे मनातून जात नव्हतं, तरी मी चहा गाळत राहिले.

वकील भरघोस मतांनी निवडून आले. मी त्यांना मत दिलं नाही, पण माझ्या एका मताने काय होतं! बांध झाला नाही. पत्रही आलं नाही, मोजणीदारही नाही. होळीची हाक मात्र बाबांकडे परत आली. दोन वर्षं त्यांनी ती घातली, तिसऱ्या वर्षी ते अंथरुणाला खिळले.

त्या आजारात एकदा सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा बाजूला सारला आणि विचारलं, "त्या दिवशी तुझ्याकडं कागद व्हता ना?"

मी चकित झाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"घरातून निघताना पदराला गाठ मारत व्हतीस, बघितला मी. का न्हाय वाचलास?"

"तुमच्याकडे बघून," मी म्हणाले. "तुम्ही इतके खूश होता. तुम्हाला त्यांचं खरं वाटलं असं मला वाटलं."

बाबांनी उशीवर मान टेकली.

"मना ठाव व्हता तो नाटक करतंय," ते म्हणाले. "चिखलात माझा हात धरला तवाच समजला. पन मान्सा जमली व्हती गो. माझ्यान नसता बोलवला. मना वाटला, तू वाचशील."

मी पेजेची वाटी खाली ठेवली.