वाळूखालची शीर

तांब्याचा विषय निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जायची. बाबा सरकारी खात्यात भूगर्भशास्त्रज्ञ होते. वर्षातले सात-आठ महिने राजस्थानातल्या वाळवंटी डोंगरांत तंबू ठोकून राहायचे आणि पावसाळ्यात पुण्याला पाहुण्यासारखे यायचे. तिथली एक लहानशी टेकडी त्यांच्या डोक्यात जाऊन बसली होती. तिच्या कातळावर हिरवे डाग होते, आणि असा हिरवा दगड वर दिसला की खाली तांबं असू शकतं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

मी दहावीत असताना आई हॉस्पिटलमध्ये होती. प्रकृती गंभीर, लगेच निघा, अशी मामानं तार केली. टेकडीवर तेव्हा नेमकं भोक पाडायचं यंत्र आलेलं. त्यासाठी बाबांनी साहेबांचे उंबरठे झिजवले होते. भोक पुरं झालं की निघतो, असा त्यांचा निरोप आला. ते पोचले तेव्हा आई गेलेली होती, तिचे दिवस चालू होते. भोकात काहीच लागलं नव्हतं.

का लागलं नाही, हे मग ते येईल त्याला समजावून सांगत. हात टेबलावर तिरका धरायचे. तांब्याची शीर अशी पश्चिमेला कलत वाळूखाली जाते. यंत्र पश्चिमेनं लावायचं, तर तिकडे वाळूत ट्रक रुततो. म्हणून लावलं पूर्वेनं, आणि भोक शिरेच्या खालून, तिला न शिवता निघून गेलं. "तांबं आहे हो, आपण चुकीच्या बाजूनं गेलो." नातेवाईक, डॉक्टर, पेपरवाला, कुणी सुटला नाही. मला त्यातून एवढंच ऐकू यायचं की तांबं आहे, म्हणजे मी थांबलो ते बरोबरच होतं. त्या टेकडीचा मी मनापासून द्वेष केला.

पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये लागले, वारज्यात फ्लॅट घेतला आणि निवृत्त बाबांना तिथे आणलं. "हात न मळवता पगार देतात?" असं ते दर महिन्याला विचारत. एव्हाना खाणींचं क्षेत्रही खाजगी कंपन्यांना खुलं झालं होतं. बाबांच्या हाताखाली काम केलेले, विश्रांतवाडीला राहणारे एक गृहस्थ अशाच एका कंपनीत होते. एकदा त्यांचा फोन आला. "सर, आपली टेकडी आमच्याकडे आलीय. वाळूवर रस्ता टाकलाय. पश्चिमेनंच भोक घेतोय."

बाबा दोन पोळ्या जास्त जेवले. रोज दाढी करू लागले. मी मनात म्हणायचे, काही लागू नये. आणि बाबांकडे पाहिलं की वाटायचं, लागू दे बाई एकदाचं.

एका रविवारी ते गृहस्थ आले. पिशवीतून कागदात गुंडाळलेला दगडाचा दांडा काढला. यंत्राची नळी पोकळ असते, तिच्यातून खालचा खडक असा दांड्यासारखा वर येतो. "सर, तुम्ही सांगितलेल्या खोलीवरचाच आहे," एवढंच बोलून ते चपलांकडे बघत राहिले.

बाबा दांडा घेऊन बेसिनपाशी गेले. दगड भिजला की त्याचा रंग आणि पोत उघडा पडतो, म्हणून ही मंडळी आधी तो ओला करतात. नळाखाली धरताच अर्ध्या दांड्याचा करडा चिखल झाला आणि बोटांतून ओघळला. उरलेला अर्धा भिंगाखाली धरून त्यांनी बराच वेळ पाहिला. साधा काळपट खडक होता.

"भ्रंश आहे," ते म्हणाले. "इथून जमीनच तुटून सरकलीय. घासून घासून पीठ झालंय खडकाचं. शीर वरच संपली. खाली काही नाही."

"खाली काही नाही, सर," गृहस्थ म्हणाले. चहा न घेताच गेले.

बाबांनी नळ बंद केला नाही. पाठमोरेच म्हणाले, "तांबं नव्हतं. मग मी यायला हवं होतं गं."

किती वर्षं मला हे ऐकायचं होतं. ऐकलं, तरी तोंडून निघालंच, "असतं तरी यायला हवं होतं, बाबा."

पाणी वाहत होतं. "हो," ते म्हणाले, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं.