मालिकेतल्या म्हातारीचं सुतक

१९९४ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. आदल्या दिवाळीत माझ्या बायकोच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत. घरात कुणी कुठे काय ठेवलं हे खाटेवर पडल्या पडल्या तिलाच ठाऊक असायचं.

पनवेलच्या डॉक्टरांनी रबराचा एक चेंडू दिला. तो लुळ्या हातात धरून दाबत राहायचा. केलं तर हात परत येईल, नाही केलं तर असाच राहील, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. पण ही चेंडू हातात धरीना. जन्मभर चिखलात भात लावलेली बाई, तिला पोरासारखं चेंडू खेळायची लाज वाटायची. मी ओरडलो की ती भिंतीकडे तोंड करायची. मी हट्टी म्हणून गावात माझं नाव आहे, पण माझ्या घरात माझ्यापेक्षा हट्टी माणूस होतं हे गावाला ठाऊक नाही.

मुलगा उरणला कंपनीत होता. त्याने आईचा वेळ जावा म्हणून केबल घेतली. मला ते पटलं नव्हतं. टीव्ही आमचा जुना, काळापांढरा. तो ओटीवरून उचलून तिच्या खाटेसमोर आणला. मी म्हटलं, दिवसभर परकी माणसं घरात बडबडणार, हे काही बरं नाही. कुणी ऐकलं नाही.

दुपारी तीनला एक अमेरिकेची मालिका लागायची. एक म्हातारी, नदीकाठी तिचं दुकान, दुकानासमोर तर, म्हणजे होडीने नदी ओलांडायची जागा. माणसं होडीतून उतरायची, तिच्याकडे काहीबाही घ्यायची, भांडायची, रडायची आणि परत होडीत बसायची. तिचा एक जावई होता. तिला लेक होती की नव्हती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझी शाळा दुसरीपर्यंतची, बायकोची तेवढीही नाही. इंग्रजीचं एक अक्षर आम्हा दोघांना कळत नव्हतं. म्हणून अर्थ आमचा आम्हीच लावायचो. ती म्हणायची, जावई लबाड आहे. मी म्हणायचो, बिचारा आहे, म्हातारीच त्याला छळते. यावरून आमचं भांडण व्हायचं. आजारपणानंतर ती माझ्याशी भांडू लागली ती तिथपासून, आणि मला बरं वाटायचं.

ती म्हातारी मोठ्या फळीवर पीठ मळायची. मळता मळताच बोलायची, राग आला की पिठाला ठोसा मारायची. एक दिवस सुनेने पाहिलं, तिकडे म्हातारी पीठ मळतेय आणि इकडे हिची लुळी बोटं चादरीवर वळवळतायत. तिने गुपचूप चेंडू त्या हातात सरकवला. त्या दिवसापासून रोज मालिका संपेपर्यंत चेंडू दाबला जाऊ लागला. पावसाळा सरेपर्यंत ती रिकामी वाटी धरू लागली. भरलेली अजून नाही. डॉक्टर म्हणाले, सोडू नका, आत्ताच येतोय हात.

मीही तीनच्या सुमाराला घरी यायचो. चहाला आलो म्हणायचो. नाक्यावर बसलो की सांगायचो, अमेरिकेच्या बायका काय कष्टाच्या असतात, तुम्हाला माहीत नाही. बायको विचारायची, तिकडं आता पाऊस आसंल काय. मी म्हणायचो, असेल. होडी बंद ठेवली असेल तिने.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत एक भाडेकरू राहायचे. मुंबईचं कुटुंब, नवरा बँकेत. चांगली माणसं, मला काका म्हणायची. त्यांचा मेहुणा अमेरिकेहून सुटीवर आला होता. तो आजारी माणसाला भेटायला म्हणून आमच्याकडे आला, तेव्हा मालिका चालू होती. तो उभ्या उभ्याच बघायला लागला आणि हसला.

"काका, ही अजून लागते? मी तिकडे गेलो तेव्हाच ही जुनी झाली होती."

मी म्हटलं, जुनी म्हणजे कधीची? तो म्हणाला, पंचवीसेक वर्षांपूर्वीची तरी असेल. आमचा टीव्ही काळापांढरा, त्यात जुनं काय नि नवं काय, सगळं एकाच रंगाचं. मला ते कसं कळणार? मग तो सहज म्हणाला, या म्हातारीचं काम करणारी बाई तर जाऊन खूप वर्षं झाली, म्हणून तर मालिका मधेच बंद पडली.

सून त्याला चहा देत होती. चहा घेऊन तो गेला. बायकोकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी पाहिलं तेव्हा चेंडू जमिनीवर होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

"मना आंगोल घाला," ती म्हणाली.

आत्ता आंघोळ कशाला, ते आधी मला समजलं नाही. मग समजलं, आणि मी चिडलो. आमच्यात मरणाची खबर उशिरा आली तरी ती ऐकल्यावर अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. माणूस जाऊन महिने लोटले असले तरी. तिची आई उरणला वारली तेव्हा खाडीला उधाण होतं, होडी सुटेना, खबर फार उशिरा आली. तेव्हा हिने अंगणातच भरली घागर डोक्यावर उपडी केली होती. पण ती आई होती. ही कोण? मी म्हटलं, ते चित्र आहे. चित्राचं कुणी सुतक धरतं का? मागचे लोक ऐकतील, गावात सांगतील, हसतील आपल्याला.

ती हळूहळू, शब्द जुळवत बोलली.

"रोज आपल्या घरात येत व्हती. आपन हसत व्हतो तिच्यासंगं, आन ती मेलेली. घरात आलेल्या मानसाचा कायच करायचा नाय?"

मी उठून बाहेर गेलो. अंगणात भाडेकरीण दोरीवरचे कपडे काढत होती, तिने विचारलं, काकी बऱ्या आहेत ना? मी हो म्हटलं.

संध्याकाळी सुनेने पेज आणली. हिने तोंड उघडलं नाही. सुनेने चेंडू हातात ठेवला, तो घरंगळला. बोटं मिटतच नव्हती. मुलगा कामावरून आला, त्याने समजावलं, रागावला. सून मला म्हणाली, "मामा, तुमी सांगा ना. तुमचं आयकतील." माझं तिने कधी ऐकलं होतं?

मी ओटीवर बसून राहिलो. मला राग त्या मेहुण्याचा होता, आणि त्याचा तरी काय दोष, त्याने खरं तेच सांगितलं. तो म्हातारीला पडद्यावर बघत होता. आम्ही तिला घरात बघत होतो. मी नाक्यावर तिच्याबद्दल बोलायचो तेव्हा ती जिवंत आहे असं धरूनच बोलायचो. ती पीठ मळत होती, ठोसे मारत होती, माझ्या बायकोचा हात जागा करत होती, आणि तिला जाऊन इतकी वर्षं झाली होती. तिच्या मागे तिकडे कुणी रडलं असेल, नसेल. आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं होतं. उशिरा कळलेल्या खबरेचं काय करायचं हे आमच्यात ठरलेलं आहे, त्यात मेलेलं माणूस कुठल्या गावचं हे कुणी विचारत नाही. फक्त ते आपलं होतं की नाही एवढंच बघायचं. आणि हिने ते बघितलं होतं.

लोक हसतील तर हसू देत, असं मी ठरवलं. पण ते तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला उठवलं नाही. बायकोला रोज आंघोळ सूनच घालायची, मी त्या कामाला कधी हात लावला नव्हता. मी तिला खाटेवरून उचलून अंगणात आणलं, दगडावर बसवलं आणि पाठीमागून एका हाताने धरून ठेवलं. भाडेकरूंच्या दाराची कडी वाजली, कुणीतरी बाहेर आलं. मी वळून पाहिलं नाही. लुगड्यासकट तिच्या डोक्यावरून घागरीतलं पाणी सोडलं. मग तिच्या शेजारी बसलो आणि धोतर, सदरा अंगावर असतानाच दुसरी घागर स्वतःच्या डोक्यावर ओतली.