चंदूमामाची मांडी

आमच्या मजल्यावर कुणाच्या दोरीवर काय वाळत घातलंय त्यावरून त्या घराची अर्धी कुंडली कळते. उरलेली अर्धी मी विचारून घेते. तर गेल्या जुलैत समोरच्या चंदू घाडीच्या दोरीवर एकच जीन्स पाच दिवस दिसली. संध्याकाळी ओली, सकाळी अर्धी ओली, आणि तशीच अंगात चढवून स्वारी साकीनाक्याला कामावर.

"चंदू, दुसरी पँट घे की रे," मी म्हटलं. "का हुंड्यात मिळाली म्हणून जपतोस? पण तुझं तर लग्नच झालं नाही."

"तुमच्यासारखी शेजारीण असताना सासूची काय गरज, वहिनी?" म्हणाला आणि गेला.

चंदूचं वय चव्वेचाळीस. वडील देवगडकडून गिरणीत आले, गिरणी बंद पडली, तेव्हा मुलुंडच्या या दीड खोलीत संसार हलला. आईवडील गेले, बहीण कल्पिता लग्न होऊन दहिसरला गेली, आणि चंदू राहिला. काम मोटर रिवाइंडिंगचं. जळलेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. नुसत्या वासावरून सांगतो, ही पाण्याने गेली, ही जास्त भाराने. लग्नाची स्थळं आली तेव्हाही त्याने मुलीपेक्षा तिच्या घरच्या मिक्सरच्या आवाजाकडेच जास्त लक्ष दिलं असणार, असा माझा अंदाज.

तसा माणूस थंड. फक्त एका गोष्टीवरून पेटतो, ती म्हणजे रिले. मोटर जास्त तापली की रिले ती बंद करतो, एवढंच त्याचं काम. पण कारखान्यात घाई. तासातासाला मशीन बंद पडतं म्हणून कुणीतरी शहाणा रिले बाजूला सारतो आणि वायर सरळ जोडून देतो. त्यांच्या भाषेत, रिले डायरेक्ट केला. मग दोन दिवस मशीन झकास चालतं आणि तिसऱ्या दिवशी मोटरमधून धूर. अशी मोटर आली की चंदू गिऱ्हाइकाला झाडतो, "अरे, तो तुझ्यासाठीच बोंबलत होता ना? त्याचं तोंड बांधलंस, आता भोग!"

हे लक्षात ठेवा.

ऑगस्टमध्ये चंदू गॅलरीत विचित्र चालायला लागला. पाय फाकवून, बदकासारखा. मजल्यावर दोन मतं पडली. मी म्हटलं मूळव्याध, बाकीचे म्हणाले गळू. पण निघाला नायटा. उजव्या मांडीवर आतल्या बाजूला, बांगडीएवढा गोल, कडा लाल आणि मधलं कातडं साधं. खाज अशी की बिचारा बोलता बोलता दाराच्या चौकटीला टेकून मागेपुढे व्हायचा.

आता पुढचं सांगताना मान खाली घालते. ट्यूब मी दिली. आमच्या ह्यांनी कधीतरी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, तीन औषधं एकात म्हणे. आमच्या मजल्यावर ती साखरेच्या वाटीसारखी फिरायची. कुणाला डास चावला, लाव. कुणाला घामोळं, लाव. चंदूने लावली आणि दोन दिवसांत खाज गायब, लाली गायब. मला कोकम सरबताची बाटली बक्षीस मिळाली. मी ती घेतलीसुद्धा.

ट्यूब थांबवली की चार दिवसांनी नायटा परत. मग त्याने स्वतःच ट्यूबा आणायला सुरुवात केली. लावली की शांत, सोडली की आधीपेक्षा मोठा. दिवाळीपर्यंत तो पोटावर चढला होता, आणि डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत तीन कडी, एकात एक.

आणि नेमका तेव्हाच दहिसरहून फोन आला.

कल्पिताला अकरा वर्षांनी मुलगा झालाय. इतकी वाट पाहिल्यावर आला म्हणून नाव सुयोग. त्याचं जावळ नवव्या महिन्यात, म्हणजे डिसेंबरात काढायचं ठरलं. जावळ काढताना पोर बसतं मामाच्या मांडीवर. दुसऱ्या कुणाच्या नाही. चंदूने सहा महिन्यांपूर्वीच त्या दिवसासाठी पांढरा झब्बा आणून ठेवलेला. फोन ठेवून तो डाव्या हाताकडे बघत राहिला. पोराचं डोकं नेमकं तिथेच टेकतं.

दोन महिने तो दहिसरला गेलाच नव्हता. सर्दी आहे, काम आहे, अशा थापा. मी म्हटलं, "चल. ट्यूब माझी होती, डॉक्टरकडे मीच नेते."

स्टेशनजवळ डॉक्टर मृणालिनी बसतात, कातडीच्या. त्यांनी आधी ट्यूब मागितली, बघितली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीवरचा केस गळण्याचा तक्ता वाचायला लागले. मग चंदूच्या हातावरून ब्लेडच्या पात्याने थोडा कोंडा खरवडला, काचेवर घेतला, वर औषधाचा थेंब टाकला, आणि थोड्या वेळाने त्यालाच सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं.

"तारा दिसतात," चंदू म्हणाला. "फांद्या फुटलेल्या."

"ती बुरशी. कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते. ओली पँट, घाम, तिला आवडतं सगळं."

"आणि खाज?"

"खाज आणि लाली तुमच्याच माणसांची, चंद्रकांत." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "बुरशीच्या भिंतीत एक वेगळी साखर असते, आपल्या अंगात नसलेली. कातडीतल्या पेशी ती ओळखतात आणि ओरडतात. तिथे गस्तीच्या पेशी असतात. त्या बुरशीचा तुकडा उचलून जांघेतल्या गाठीत नेतात आणि तिथल्या पेशींना दाखवतात, की बघा, हा आलाय. मग त्यातल्या काही नेमक्या याच शत्रूसाठी तयार होऊन कातडीत येतात आणि निरोप धाडतात. त्या निरोपावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात. कातडीही वरचे थर भराभर टाकून देते, म्हणजे बुरशी कोंड्याबरोबर बाहेर. हे कडं लाल का? तिथे मारामारी चालू आहे. मधे साधं का? तिथली बुरशी बरीचशी हटली."

"मग ट्यूब काय करते?"

"तुमच्या पेशींना गप्प करते. मारामारी थांबते, म्हणून बरं वाटतं. बुरशीला मैदान मोकळं."

चंदूने पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकात डोकावलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे डॉक्टर, मी रिले डायरेक्ट केला."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि पहिल्यांदाच त्याची चेष्टा करावीशी वाटली नाही.

गोळ्या मिळाल्या, वेगळं मलम मिळालं. टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात आणि कडकडीत वाळलेलेच, ट्यूब बंद. "पहिले काही दिवस लाल होईल, भडकेल," डॉक्टर म्हणाल्या. "गप्प केलेल्या पेशी परत जाग्या होतात. तेव्हा ट्यूबकडे हात जाईल, तो जाऊ देऊ नका. आणि सध्या बाळाला घेऊ नका. त्याची कातडी कोवळी असते."

चंदूने उरलेल्या चार ट्यूबा माझ्या हवाली केल्या. आठव्या दिवशी सकाळी दारात हजर.

"वहिनी, एक ट्यूब द्या. फक्त हातापुरती."

"कापून कचऱ्यात टाकल्या."

"चारही?"

"चारही. लाल झालंय का?"

"टोमॅटो."

"म्हणजे तुझी माणसं उठली. बस आता, चहा घे. त्यांनापण बरं वाटेल."

बसला. कप हातावरच्या कड्यांपासून लांब धरून चहा प्यायला, आणि मी गॅस पुसत असताना खुर्चीवर बसल्या बसल्या मागेपुढे होत राहिला. पण ट्यूब परत मागितली नाही.

चार आठवडे गेले. हात कोरडा झाला, कडी पुसट झाली, खाज नाही. पांढरा झब्बा इस्त्री होऊन खुंटीवर लागला. जावळाच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी पुन्हा खरवडलं. हातावर काही नाही. मांडीच्या कडेला मात्र अजून बुरशीचे धागे. "वरून बरं दिसतंय," त्या म्हणाल्या, "पण आत आहेत. आणखी निदान तीन आठवडे गोळ्या घ्या."

परतताना मीच सैतान झाले. "अरे, वर पँट असणार तुझी. मांडी कोण बघतंय?"

"मशीन चालतंय म्हणून मोटर ठीक, असं मी कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगत नाही," चंदू म्हणाला. गॅलरीत उभं राहून त्याने दहिसरला फोन लावला. मी दोरीवरचे कपडे काढायला गेले. म्हणजे, माझे आधीच काढून झाले होते.

"कल्पिता, मला नायटा आहे. बाळाला लागेल. जावळाला मी नको," एका दमात म्हणाला. मग फक्त ऐकत होता. तिकडची कल्पिता इतकी मोठ्याने बोलत होती की मला फोनची गरजच नव्हती.

"म्हणून येत नव्हतास, दादा? तीन महिने मला वाटलं, तुला माझं पोर आवडत नाही! सासरचे म्हणतायत, आपल्या चुलतभावाला, हर्षदला बसवू."

चंदूने दारातून आत खुंटीवरच्या झब्ब्याकडे बघितलं. "बसव. चांगला आहे तो."

"चांगला असेल. पण मामा तो नाही. नववा नको, अकराव्यात काढू. विषम महिनाच लागतो ना? केस काही पळून जात नाहीत. तू तुझ्या गोळ्या खा!"

फेब्रुवारीत मीही दहिसरला गेले. आमंत्रण होतं, आणि नसतं तरी गेले असते. डॉक्टरांनी दोनदा खरवडून बघितलं होतं, दोन्ही वेळा काच स्वच्छ. हातावर फक्त तपकिरी डाग उरलेले. कल्पिताच्या सासूने ते लगेच हेरले.

"हे कसले डाग हो?"

"जळलेल्या वाइंडिंगचे," चंदू म्हणाला. "आता नवीन भरलंय."

पाटावर चंदू, मांडीवर सुयोग, समोर न्हावी. पहिली बट पडली तेव्हा पोराने टाहो फोडला, दुसरी पडताना मामाचा कान पकडला, आणि अर्धं डोकं झाल्यावर मामाच्या नव्या झब्ब्यावर मुतलं. न्हावी थांबला. "चालू द्या, चालू द्या," चंदू म्हणाला, जागचा हलला नाही.

काम संपेपर्यंत रडून रडून पोर झोपलं, गुळगुळीत डोकं नेमकं त्या डाव्या हातावर. हातभर बारीक केस चिकटलेले. ते टोचत असणार, कारण चंदूची बोटं वळवळत होती आणि चेहरा अगदी ऑगस्टमधल्यासारखा झाला होता. मी लांबून खूण केली, अरे खाजव, आता हरकत नाही.

त्याने मान हलवली. ओठ न उघडता पोराकडे डोळे नेले. झोपलंय.