कूलर एक, वारे दोन

अकोल्यात मे महिन्यात दोघींच्या खोलीत एकच कूलर असेल, तर मैत्रीची परीक्षा होतेच. आमची झाली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझ्या मैत्रिणीनं फोमचं छोटं विमान बनवलं होतं, आणि दोन दिवसांनी अमरावतीच्या स्पर्धेत ते उडवायचं होतं. दुसरा पंख करायला ना वेळ होता ना फोम. हा फसला की वर्षभराची मेहनत पाण्यात.

माझा जीव सिम्युलेशनवर. कम्प्युटरवर पंख काढायचा, त्यावर वारा सोडायचा आणि तो कुठे पंखाला धरून जातो, कुठे सुटतो, ते रंगीत चित्रात पाहायचं. माझ्या चित्रात वारा शेवटपर्यंत पंखाला धरून होता. मैत्रीण अकोटची, घरी कूलर बनवायचा धंदा. तिनं आमच्या कूलरचं गवत काढलं, पुढे पुठ्ठ्याचा बोगदा लावला, वारा सरळ यावा म्हणून त्याच्या तोंडाशी स्ट्रॉ ठासले आणि आत आमचा खराखुरा पंख ठेवला. पंखावर लोकरीचे धागे चिकटवले. वारा पंखाला धरून गेला तर धागे निजतात, सुटला तर थयथयाट करतात.

धाग्यांनी थयथयाट केला. माझं डोकंच फिरलं. तुझा कूलरच वाकडा वारा फेकतो, असं मी तिला सुनावलं. ती चिडली नाही, म्हणून मी आणखी चिडले. तिनं वाकून पंखावर बोट फिरवलं. फोमवर पुढच्या कडेजवळ चिकटवलेली पॅकिंगची टेप उन्हानं सुटून नखभर वर आली होती.

“तुह्या कम्प्युटरले हे टेप माहीत आहे काय?”

कुठली माहीत असणार! त्याला मी माझ्या मनातला गुळगुळीत पंख दिला होता. मी घाईघाईनं ती उचललेली कड चित्रात काढली, तर लॅपटॉप तापून बंद. तिनं कूलर बोगद्यापासून सोडवला आणि माझ्या लॅपटॉपकडे वळवला. थोड्या वेळानं चित्र उमटलं. धागे नाचत होते तिथेच, टेपपाशीच, वारा सुटत होता. आम्ही दोघी किंचाळलो. इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नाही.

मग टेप काढून नवी दाबून बसवली. आता मीच कूलर बोगद्याकडे ओढला. धागे निजले.

अमरावतीत विमान उडालं, मैदानाला फेरी मारून उतरलं. लोक टाळ्या वाजवत होते. आम्ही धावत गेलो आणि दोघींची बोटं एकदमच टेपच्या कडेवर पडली. ती हललेली नव्हती.