पंखाखालचा ठिपका

त्या वर्षी शाळा सुटली की मला कुणाशी बोलावंसंच वाटत नसे. दिवसभर वर्ग, मग उत्तरपत्रिका, आणि घरी आल्यावर मोबाइलवर फुलपाखरं. जालना जिल्ह्यातल्या फुलपाखरांचे फोटो जमवणारा आमचा एक ग्रुप होता. मी विज्ञान शिकवते म्हणून ओळख पटवायचं काम माझ्याकडे आलं. हौसेनं घेतलं होतं. पुढे हौस राहिली नाही, काम राहिलं.

सगळ्यात जीव खात ती गवतातली नखाएवढी निळी फुलपाखरं. पंख उघडे असले की सगळी सारखीच. मिटले की खालच्या राखाडी बाजूला बारीक ठिपके दिसतात. त्यातल्या दोन जाती तर हमखास फसवतात. पुढच्या पंखाच्या मध्यावर एक जास्तीचा ठिपका असला तर एक जात, नसला तर दुसरी. तेवढ्यासाठी फोटो मोठा करून करून डोळे चुरचुरायचे.

ग्रुपमधले अंबडचे एक चाचा मलाच रोज फोटो पाठवत. शिवणकाम सोडून घरी बसलेले टेलर. फोटो हललेला, ठिपके पुसट. "मॅडम, हे कोणतं?" मी लिहायची, "सांगता येत नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच फोटो.

दसऱ्यानंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अंबडला गेले. दुपारीच सुटलो, म्हणून चाचांना फोन केला. ते स्टँडवर घ्यायला आले. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर खुर्ची टाकून सुनेला चहा सांगितला. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत चहा सांडला.

"हात बराबर ऱ्हात न्हाई आता," ते म्हणाले. "सुई ओवता येईना, मंग मशीन बंद केली."

समोर गवतावर एक निळं बसलं होतं, पंख उघडे टाकून. आम्ही ते मिटण्याची वाट पाहत बसलो. मी एक वीट जवळ सरकवली, त्यांनी मोबाइल तिच्यावर टेकवला. बऱ्याच वेळानं पंख मिटले. चाचांनी फोटो काढला आणि मोबाइल माझ्याकडे दिला. पहिल्यांदाच सगळे ठिपके स्वच्छ होते.

"मध्ये ठिपका नाही," मी म्हणाले. "नेहमीचंच आहे, चाचा. सगळीकडे सापडतं."

"म्हंजे खास कायच न्हाई?"

"नाही."

ते फोटोकडे पाहत राहिले. "पन वळखलं तर खरं," म्हणाले.

निघताना मी सांगून टाकलं, की मी हे काम सोडतेय, थकलेय. आता दुसरं कुणीतरी बघेल.

"मंग मी कुणाला पाठवू?"

"ग्रुपवरच पाठवा."

त्यांनी मान हलवली. "बरं. तुम्ही आराम करा बेटी. शिकवणं बी मेहनतीचं काम हाय."

स्टँडपर्यंत ते सोबत आले. वाटेत फुलपाखरांचा विषय कुणीच काढला नाही. जालन्याची बस भरलेली होती. निम्मी वाट उभ्यानं गेली, मग खिडकीजवळ जागा मिळाली आणि बसल्या बसल्या डोळा लागला. उतरायचं ठिकाण आलं तेव्हा शेजारच्या बाईनं हलवून उठवलं.