पेट्रोलची धार

आमच्याकडे मोटार होती, म्हणून तीर्थपुरीत लोक आम्हाला उगाच श्रीमंत समजत. मागं लाकडी फळ्या ठोकलेली, सरकीची पोती वाहणारी ती मोटार. आज तसल्या गाडीला पिकप म्हणतात. तिचे मालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री, तिन्ही माझे यजमानच.

निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं असतील. नवरात्र चालू होतं. नुकती चालायला लागलेली माझी मुलगी तापानं फणफणली होती, आणि दुपारी तिचा श्वास वाजायला लागला. डबा झालाय, छाती भरलीय पोरीची, सासूबाई म्हणाल्या. चांगला डॉक्टर जालन्याला. तेवढ्यात यजमान अंबडहून परतले. मोटार आचके देत, बंद पडत, कशीबशी अंगणात आली.

"जल्दी करा, अशीच घेऊ," मी म्हणाले.

"वाटंत बंद पडली तर पोरीला घेऊन कुठं बसायचं? पेट्रोल जोरानं येऊन न्हाई राह्यलं. बघावंच लागंल. पण आधी इंजन गार होऊ दे. तापलेलं असताना नळी सोडली तर भडकाच उडंल."

ते बरोबर होतं. मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी त्या इंजिनाचा मला भयंकर संताप आला. यजमानांनी वाळूचं घमेलं जवळ आणून ठेवलं. मला चूल विझवायला लावली. मग त्यांची नजर ओसरीलगतच्या देवघराकडे गेली. घटापुढं अखंड दिवा तेवत होता. नवरात्र सरेपर्यंत तो विझू द्यायचा नसतो, आणि वारा अंगणातून थेट तिकडंच जात होता.

"माय, तेवढा दिवा..." यजमान एवढंच बोलले.

त्या दिव्यापायी सासूबाई नीट झोपतसुद्धा नव्हत्या. एक फूल घेऊन त्यांनी वात दाबली, आणि येऊन मुलीला मांडीवर घेतलं.

बऱ्याच वेळानं इंजिनाला हात लावून पाहिला तर निवलं होतं. यजमानांनी नळी सोडली, तिचं तोंड बाटलीत घातलं, बाटली मला धरायला दिली आणि पुढं जाऊन हँडल फिरवलं. पेट्रोल नुसतं ठिबकलं. पंप उघडला तर आतल्या जाळीत कापसाचे तंतू गच्च बसलेले. ती साफ केली, पुन्हा हँडल मारलं, तेव्हा बाटलीत जोरात धार आली. नळी घट्ट बसवून, बाटली लांब नेऊन, सांडलेलं पुसून ते वाळल्यावरच त्यांनी मोटार चालू केली.

जालन्यापर्यंत ती एकदाही अडखळली नाही. डॉक्टरांनी मुलीला तपासलं. म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. दिवस उजाडायच्या आत ती गेली.

दिवा आपल्या हातानं विझवला म्हणून पोर गेली, असं सासूबाईंनी मनाशी धरलं. यजमानांनी धरलं, इंजिन निवायची वाट पाहत बसलो म्हणून. त्या जेवेनात, हे मोटारीजवळ जाईनात. येणारेजाणारे दोघांची समजूत घालत. मीही घालत होते. भाकरी थापत होते, ताटं वाढत होते, आत काही हलत नव्हतं. पोर माझी होती, हे त्या घरात कुणाला सुचलं नाही, आणि मलाही बरेच दिवस सुचलं नाही.